उन्हात ठेवलेली हळद

सर, परवा तुमच्या शोकसभेत लोक हसले. तुम्हाला आवडलं असतं ते. प्राचार्य सुरुवातीला अगदी गंभीर होते, 'भरून न येणारी हानी' वगैरे म्हणून झालं, आणि मग त्यांनाच राहवलं नाही. त्यांनी हळदीची गोष्ट काढली. "दोन डॉक्टर, दोघंही भौतिकशास्त्राचे, आणि दोघांनाही धुणं माहीत नाही!" सगळा हॉल हसला. मागच्या रांगेतली डोळे पुसत बसलेली मुलंसुद्धा हसली. मीही हसले. ही गोष्ट निघाली की मी हसते, ऑक्टोबरपासून तशी सवयच झाली आहे.

त्या गोष्टीत एक खोटं आहे सर, आणि ते माझं आहे. परवा मला बोलायला बोलावलं तेव्हा ते सांगायचं ठरवूनच मी उठले होते. माइकसमोर गेले, तुमच्या फळ्यावरच्या अक्षराचं कौतुक केलं आणि खाली येऊन बसले. म्हणून आता लिहायला घेतलं आहे.

कराडच्या कॉलेजात बारा वर्षं आपली टेबलं शेजारी होती. मी वाईची, तुम्ही कृष्णेच्या खालच्या अंगाचे, सांगलीकडचे. एकाच नदीचं पाणी प्यायलो, आधी मी प्यायले आणि मग तुम्हाला सोडलं, असं मी म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचा, "म्हणूनच गढूळ येतंय." वर्गात तुमची भाषा छापील असे. प्रयोग जमला की गावाकडची उसळून यायची. "मॅडम, आवं हिकडं या, लय भारी आलंय!" असं ओरडत तुम्ही थेट स्टाफरूममध्ये यायचा, तिथे कोण बसलंय हे न बघता.

खिडकीचं वेड तुमचं. तुमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते आणि आठच्या सुमाराला ऊन सरळ पोरांच्या तोंडावर येतं. बाईंनी तिथे तरट लावलं, तर वर्गात अंधार झाला. मग दिवे लावले, तर वीज गेली. "ऊन अडवायचं आणि दिवा लावायचा, ही कसली अक्कल?" असं तुम्ही वर्षभर येईल त्याला ऐकवत होता. मग एक दिवस तुम्ही ठरवलं की खिडकीनंच शहाणं व्हायचं. ऊन वाढलं की तिनं आपण होऊन निळं व्हायचं, ऊन उतरलं की पुन्हा स्वच्छ. बाहेरची वीज नको, कुणी उठून काही ओढायला नको, चालू-बंद करायची कळसुद्धा नको.

कळ नको, यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायची, थंडीत पोरांना ऊन हवं असतं, तेव्हा खिडकी बंद ठेवायची सोय पाहिजे. तुम्ही म्हणायचा, कळ आली की तिला हात लावणारा आला, आणि हात लावणारा आला की मोडणारा आला. तुमच्या मते माणूस हा यंत्रातला सगळ्यात कच्चा भाग होता.

बाकी सगळं आपण सरळ ठरवलं. काचेवर टंगस्टन ऑक्साइडचे दांडे उगवायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. पोलादी डबीत द्रावण, त्यात काच उभी, आणि डबी बारा तास भट्टीत. बाहेर काढली की काचेवर नुसतं धुरकट दिसायचं, पण तो धूर म्हणजे उभं पीक असायचं, तुमच्या उसासारखं दाट. त्यावर जेल, त्यावर दुसरी काच. जरासा विद्युतप्रवाह सोडला की दांडे निळे होतात. हा प्रवाह कुठून आणायचा, तर चौकटीच्या कडेनं लावलेल्या पट्टीतून. पट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या नॅनोकणांचा लेप आणि लेपात मुरवलेला एखादा रंग. रंगानं ऊन धरायचं, लेपानं ते पुढे न्यायचं. रंग कुठला, यावर सगळं अडलं होतं. परदेशी रंग मागवला होता आणि तो काही केल्या येत नव्हता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तुम्ही गावाहून आलात ते स्टीलचा डबा घेऊन. मनगटापर्यंत हात पिवळे. मी काही विचारायच्या आतच म्हणालात, "लग्नात लागली न्हाई मॅडम, आता प्रयोगात लागली." डब्यात घरची हळद होती. तुमच्या अंगणात तेव्हा शिजवलेली हळद वाळत पडलेली होती आणि तिच्याकडे बघतच तुम्हाला हे सुचलं होतं. "पंधरा पंधरा दिवस उन्हात पडून असती. उन्हानं तिचं काय वाकडं होतंय? उलट वाळंल तशी सोन्यासारखी दिसती. सांगलीची हळद आसताना परदेशाची वाट कशाला बघायची?"

मला तेव्हाच कळलं होतं सर.

आमच्या घरी वाईला कपड्यावर हळद सांडली की आई म्हणायची, चोळत बसू नको, साबण लावलास तर लाल होईल. धू आणि तारेवर टाक, ऊन नेईल तो डाग. दोन दिवसांत डाग जायचा. हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. तुमची हळद अंगणात टिकायची, कारण ती हळकुंडाच्या आत, सालीखाली होती. कापडावर पसरलेली हळद टिकत नाही, आणि आपली पट्टी म्हणजे कापडच होतं. तुम्हाला अंगण माहीत होतं, तार माहीत नव्हती. तुम्ही लग्न केलं नाही, कपडे दर शनिवारी बॅगेतून गावी जायचे आणि सोमवारी घड्या होऊन यायचे. मधे त्यांचं काय होतं हे कळायचं तुम्हाला कारणच पडलं नाही.

मग मी बोलले का नाही? हे सांगायला लाज वाटते, इतकं ते कारण लहान आहे. आदल्या आठवड्यात आपल्या जेलमध्ये गुठळ्या होत होत्या. मी म्हटलं, आधी थंड पाण्यात कालवा आणि मग गरम करा, कॉर्नफ्लॉवरचं करतात तसं. तुम्ही एम.एस्सी.च्या मुलांसमोर म्हणालात, "मॅडम, हे स्वयंपाकघर नव्हे." मुलं हसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही, कोणी बघत नाही असं बघून, जेल थंड पाण्यातच कालवलीत. ती छान झाली. मी दारातून बघितलं होतं. तुम्ही त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीत आणि मीही नाही. पण डबा उघडला त्या सकाळी माझ्या मनात आलं ते एवढंच, की स्वयंपाकघर नव्हे ना, मग प्रयोगशाळेलाच सांगू दे.

मला वाटलं होतं चार दिवसांत कळेल. प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली पट्टी झकास चालली, तो दिवा म्हणजे उन्हाचा सावत्र भाऊ. गच्चीवर नेली तेव्हा चौथ्या दिवशी फिकी पडली, सहाव्या दिवशी पांढरी. मी वाट बघत होते की आता तुम्ही हळदीवर संशय घ्याल. तुम्ही संशय घेतला तो चिकटवणीवर. "कडेनं हवा शिरतीय." मग दुसरी चिकटवण, मग रबराची कड, मग दुहेरी कड. मार्च, एप्रिल, मे. कराडच्या त्या उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळून तुम्ही गच्चीवर बसायचा आणि मी खालून चहा पाठवायची. पहिल्या आठवड्यात बोलले असते तर तुम्ही कपाळावर हात मारून हसला असता. मे महिन्यात बोलायचं म्हणजे आधी इतके दिवस गप्प का होते ते सांगावं लागलं असतं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज ते कालच्यापेक्षा जड व्हायचं.

पावसाळ्यात तर देवानंच माझी थट्टा केली. ऊनच नव्हतं, त्यामुळे पट्ट्या टिकल्या. तुम्हाला वाटलं कड जमली. साताऱ्याहून कंदी पेढे आणलेत, सगळ्या विभागाला वाटलेत, आणि माझ्या हातावर दोन ठेवून म्हणालात, "तुमी धीर धरलात मॅडम, दुसरं कोण असतं तर कवाच सोडून गेलं असतं." मी ते पेढे खाल्ले.

तुमचं आणि माझं गप्प राहणं किती वेगळं होतं, हे मला आता सारखं आठवतं. माझे वडील आजारी होते तेव्हा दोन महिने माझी सगळी प्रात्यक्षिकं तुम्ही घेतलीत. मला वाटत होतं वेळापत्रक बदललं आहे. तीन वर्षांनी शिपायाच्या तोंडून कळलं. मी विचारलं तर म्हणालात, "व्हय का? माझ्या ध्यानात न्हाई." तुमच्यामुळे मी त्या दोन महिन्यांत वडिलांपाशी बसू शकले. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले, तेही इथेच मानते.

ऑक्टोबरात ऊन कडकडीत पडलं आणि पेढ्यांच्या पट्ट्या आठवड्यात पांढऱ्या झाल्या. त्याच आठवड्यात तुमच्या आई डोळे दाखवायला कराडला आल्या होत्या. तुम्ही त्यांना कौतुकानं गच्चीवर आणलंत. मी तिथे नोंदी घेत होते. त्या जिन्यानं दमल्या होत्या, पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसल्या आणि पट्ट्यांकडे बघत राहिल्या.

"इलासा, ह्ये काय मांडून ठिवलंस?"

"हळद हाय आई, आपल्याच घरची. काचंवर लावलीया."

"आन उन्हात? आरं बाबा, कापडाला हळद लागली की आमी ती उन्हातच टाकतो की. डाग जावा म्हणून!"

तुम्ही एकदम थांबलात. मग हळूहळू माझ्याकडे वळलात. रागानं नव्हे, तुमच्या तोंडावर राग मी कधी बघितलाच नाही. नुसतं विचारलंत, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं हे?"

मी म्हटलं, "नाही."

आईंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा करत नदीकडे मान वळवली. तुम्ही मात्र हसायला लागलात. टाकीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आठ महिने मॅडम! आठ महिने धुणं वाळत घातलं आपण!" आणि मग ती गोष्ट तुम्ही विभागात सांगितलीत, प्राचार्यांना सांगितलीत, पुण्याच्या परिषदेत भरल्या सभागृहात सांगितलीत. स्वतःवर इतकं मोकळं हसणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. प्रत्येक वेळी मला सोबत घ्यायचा. "आमच्या मॅडमनासुद्धा माहीत नव्हतं." तुम्हाला वाटायचं, फजितीत मला एकटं सोडू नये.

दिवाळीनंतर तो परदेशी रंग आला. डिसेंबरात तुमचं पोट दुखायला लागलं आणि आठवड्याभरात मिरजेच्या डॉक्टरांनी काय ते सांगितलं. तुमच्याकडे फार दिवस नव्हते. त्या दिवशी घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती आठ महिने मोजले. तुम्ही ज्या वर्षाच्या फेब्रुवारीत डबा आणलात त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत गेलात. मधल्या एका वर्षातले आठ महिने मी तुम्हाला नसलेली फट बुजवायला लावले.

जानेवारीत गच्चीवरची काच पहिल्यांदा नीट निळी झाली. मी व्हिडिओ काढला आणि दुपारच्या एस.टी.नं मिरजेला आले. तुम्ही उशीला टेकून बसला होता, हात काडीसारखे झालेले. फोन डोळ्यांजवळ धरून तुम्ही तो व्हिडिओ सात वेळा बघितलात. मग म्हणालात, "खालचा कोपरा मागं राहतोय. जेल नीट पसरली न्हाई." खरंच मागे राहत होता, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मी सांगायचं ठरवून आले होते. खुर्ची जवळ ओढली, तुमच्या पांघरुणाची घडी सारखी केली. तुम्ही म्हणालात, "मॅडम, काय बोलायचं हाय का?" मी म्हटलं, "नाही, दमला असाल, पडा." मग आपण अर्धा तास कळ हवी की नको यावर भांडलो. तुमचा आवाज इतका वाढला की नर्स आत आली. फार बरं वाटलं मला त्या भांडणानं.

खिडकी बसली, सर. गेल्या शनिवारी. खालचा कोपरा आता मागे राहत नाही. आणि कळ मी बसवली आहे, तुम्हाला न विचारता. चौथीच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, थंडीत कसं करायचं? मी नुसती कळ दाखवली. चिडा आता हवं तर. उंचावर लावली आहे, पोरांचा हात पोचणार नाही एवढं तुमचं ऐकलं.

शाळा सकाळची सुरू झाली आहे. आठ वाजता ऊन आलं तेव्हा पोरं खिडकीकडे तोंड करून बसली होती, फळ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आधी कडेनं, मग मधोमध निळं चढत गेलं. ऊन तोंडावरून उतरलं आणि तरी पुस्तकातलं अक्षर दिसत होतं. एक मुलगी दोन्ही हात पुढे करून निळ्या उजेडात उलटेपालटे करत होती. तुमच्या आई शेवटच्या बाकावर, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"ह्यात हळद न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही आई."

"मग ऱ्हाईल."

पोरांचा गलका चालला होता. मला वाटलं, आत्ता नाही तर पुन्हा कधीच नाही. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी गच्चीवर मी खोटं बोलले. मला माहीत होतं."

त्या खिडकीकडेच बघत होत्या. "ठाव हाय मला. बाईमाणसाला तार ठाव नसती व्हय?"

मग त्याच म्हणाल्या, "त्येनं इचारलं हुतं मला. दवाखान्यात, तुमी यायच्या आदल्या दिवशी. म्हणला, आई, मॅडमास्नी खरंच ठाव नसंल का गं?"

सर, तुम्हाला संशय होता. तो उशाशी घेऊन दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, काय बोलायचं हाय का. आणि मी तुमच्या पांघरुणाच्या घड्या करत बसले.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हणलं, न्हाई रं. शिकल्याल्या बायका, मशिनीत धुत्यात. त्यास्नी कुठलं ठाव आसायला." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात खरखरीत होता आणि गरम होता. "खरं सांगितलं आसतं तर त्येचं मन तुटलं आसतं, बाई. खिडकी आर्धी हुती. त्येला ती तुमच्यासंगंच पुरी करायची हुती."

मग त्यांनी पोरांना दटावलं, गप बसा म्हणून, आणि बाईंनी शिकवायला सुरुवात केली. मी तास संपेपर्यंत तिथेच बसून होते.

तुमच्या आईंना तुमच्याशी खोटं बोलावं लागलं, तेही अशा वेळी, आणि ते माझ्यासाठी. सोमवारी मी प्राचार्यांना ती गोष्ट नीट सांगणार आहे, पुढच्या वेळी त्यांनी ती तशीच सांगावी म्हणून. पण त्याआधी तुम्हाला. गच्चीवर विचारलंत, दवाखान्यात विचारलंत, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

मला माहीत होतं, सर. पहिल्या दिवसापासून.